गच्चीवरील लहान उभा अँटेना: एसडब्ल्यूआर १.१ दिसतो, तरी समोरच्याला आवाज क्षीण का?

गच्चीवरचा_हॅम (प्रश्न)

नमस्कार. हौशी (हॅम) रेडिओसाठी पुण्यात एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झसाठी, एक उभा अँटेना उभारला आहे. पूर्ण पाव तरंगलांबीचा अँटेना साडेदहा मीटर उंच लागतो आणि सोसायटीने तेवढ्या उंचीला परवानगी दिली नाही. त्यामुळे सुमारे १२ मिलिमीटर जाडीची, ५ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी वापरली असून तिच्या पायथ्याशी गच्चीवर पाच-पाच मीटरच्या चार तारा पसरल्या आहेत. रेडिओ संच स्वतः जोडलेला, २० वॅटचा आहे. संचापासून अँटेनापर्यंत २० मीटर आरजी-५८ केबल जाते.

नॅनो व्हीएनए (अँटेनाचा रोध आणि रिॲक्टन्स मोजणारे छोटे यंत्र) थेट अँटेनाच्या पायथ्याशी जोडून ७.१ मेगाहर्ट्झवर मोजणी केली, तेव्हा १६ ओहम रोध आणि ऋण ३७० ओहम रिॲक्टन्स (प्रवाहाला अडवणारा, पण स्वतः शक्ती न खाणारा भाग) असे मूल्य मिळाले. यंत्र त्या वेळी स्वतःच्या बॅटरीवर होते, लॅपटॉप जोडलेला नव्हता. यावरून, अँटेना ५० ओहमच्या केबलशी जुळवणाऱ्या एल-नेटवर्कचे (एक कॉइल आणि एक कपॅसिटर यांच्या जोडणीचे) गणित केले. अँटेनाच्या शृंखलेत ८.८ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि केबलच्या बाजूला जमिनीकडे सुमारे ६५० पिकोफॅरडचा कपॅसिटर असे उत्तर आले.

प्रत्यक्षात मात्र दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. जुन्या बाजारातून आणलेल्या सुमारे २७ मिलिमीटर व्यासाच्या पिवळ्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यावर) कॉइल गुंडाळली. कोष्टकानुसार २७-२८ वेढे लागायला हवे होते, परंतु मोजल्यावर इंडक्टन्स फारच जास्त भरला, आणि वेढे काढत काढत दहावर आल्यावर हवे ते मूल्य मिळाले. तार कमी लागली, म्हणजे नुकसानही कमी होईल, अशी मी समजूत करून घेतली. दुसरे असे की ६५० पिकोफॅरडवर एसडब्ल्यूआर (केबलमधून शक्ती किती परत फिरते ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) २ च्या आसपास राहिला आणि कपॅसिटर कमी करत ३०० पिकोफॅरडवर आणला तेव्हा तो १.१ झाला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांनाही तो १.४ च्या पुढे जात नाही.

आकडे इतके चांगले असताना अनुभव मात्र उलटा आहे. हैदराबाद आणि बंगळूरची केंद्रे मला स्पष्ट ऐकू येतात, परंतु तिकडे माझा आवाज जेमतेम पोहोचतो. दोन मिनिटे बोलल्यावर टोरॉइडला बोट लावता येत नाही. जुळणी बरोबर झाली असेल, तर शक्ती जाते कुठे?

ट्यूनरप्रेमी

इतके गणित कशासाठी? ते नेटवर्क काढून टाका आणि संचाशेजारी एक ट्यूनर (संचाला योग्य भार दिसेल असे जुळवून देणारी पेटी) बसवा. माझ्याकडे कोणतीही तार जोडली तरी ट्यूनर १:१ दाखवतो आणि संच समाधानी राहतो. एसडब्ल्यूआर एक झाला की सगळी शक्ती अँटेनात गेलीच, असे समजण्यास हरकत नाही.

तरंगलांबी

प्रश्नकर्त्याने मोजणी अतिशय नीट केली आहे, त्यामुळे उत्तर त्यांच्या स्वतःच्या आकड्यांमध्येच सापडते. ३०० पिकोफॅरड हा आकडा सर्वांत बोलका आहे आणि तेथूनच सुरुवात करावी.

एल-नेटवर्कमध्ये केबलच्या बाजूचा कपॅसिटर किती असावा हे जुळवायच्या रोधावर ठरते. म्हणून उलट्या दिशेने जाऊन, जुळणी ज्या कपॅसिटरवर झाली त्यावरून नेटवर्कला प्रत्यक्षात किती रोध दिसत आहे हे काढता येते. ७.१ मेगाहर्ट्झवर ३०० पिकोफॅरडचा रिॲक्टन्स सुमारे ७४.७ ओहम होतो. ५० ला ७४.७ ने भागून त्याचा वर्ग केला की ०.४५ येतात, त्यात एक मिळवून त्याने ५० ला भागले की ३४.५ ओहम उरतात. अँटेनाच्या पायथ्याशी आपण १६ ओहम मोजले होते. मग वरचे साडेअठरा ओहम आले कोठून? अँटेना आणि कपॅसिटर यांच्या मध्ये कॉइलशिवाय दुसरे काहीच नाही. कॉइलचा रिॲक्टन्स सुमारे ३९३ ओहम आहे आणि त्याला साडेअठराने भागले की तिचा क्यू (रिॲक्टन्स भागिले रोध; जितका जास्त तितके नुकसान कमी) जेमतेम २१ भरतो. या कामासाठी चांगली कॉइल २०० च्या घरात असायला हवी.

आता २० वॅटची वाटणी पाहू. लहान उभ्या अँटेनाचा प्रारण रोध, म्हणजे लहरी बाहेर टाकण्याचे खरे काम ज्या रोधाच्या नावावर मांडले जाते तो, उंचीला तरंगलांबीने भागून, वर्ग करून, ३९५ ने गुणल्यास ढोबळपणे मिळतो. पाच मीटर भागिले ४२.२५ मीटर, त्याचा वर्ग ०.०१४, म्हणजे साडेपाच ओहम. मोजलेल्या १६ पैकी उरलेले साडेदहा ओहम गच्चीचे, स्लॅबमधील लोखंडाचे आणि अपुऱ्या तारांचे आहेत. एकूण ३४.५ ओहमांतून एकच प्रवाह वाहतो, तेव्हा शक्ती रोधांच्या प्रमाणात वाटली जाते: कॉइलमध्ये सुमारे १०.७ वॅट, गच्चीत सुमारे ६.१ वॅट आणि आकाशात ३.२ वॅट. २७ मिलिमीटरच्या टोरॉइडमध्ये दहा वॅट उष्णता सोडल्यावर बोट भाजणारच.

एसडब्ल्यूआरचे मापन खोटे नाही, हे येथे लक्षात घ्यावे. केबलला ५० ओहम दिसतात आणि शक्ती परत फिरत नाही, एवढेच ते सांगते. पुढे गेलेली शक्ती कोणत्या रोधात खर्च झाली हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही. ५० ओहमचा डमी लोडही (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्तीची फक्त उष्णता करणारा रोध) उत्कृष्ट एसडब्ल्यूआर दाखवतो आणि त्यावरून कोणाशी बोलणे होत नाही.

पट्ट्याच्या टोकांना १.४ च्या आत राहणारा एसडब्ल्यूआर हा दुसरा साक्षीदार आहे. शंभर किलोहर्ट्झ बाजूला सरकल्यावर या अँटेनाच्या शृंखलेत सुमारे ११ ओहमचा शिल्लक रिॲक्टन्स तयार होतो. एकूण रोध ३४.५ असेल तर एसडब्ल्यूआर १.४ च्या जवळ राहतो, परंतु चांगल्या कॉइलमुळे तोच रोध १८ असता तर तो १.८ झाला असता. इतक्या बुटक्या अँटेनाने इतका रुंद पट्टा दिला, तर आनंदाऐवजी शंका यायला हवी, असे मला वाटते.

आता टोरॉइडविषयी. पिवळा रंग दोन वेगवेगळ्या पदार्थांवर आढळतो. सहा क्रमांकाचे मिश्रण पिवळे असते, त्याची कोणतीही बाजू पांढरी नसते, आणि ते उच्च वारंवारतेसाठीच बनवलेले आहे. सव्वीस क्रमांकाचे मिश्रणही पिवळेच, परंतु त्याची एक बाजू पांढरी असते. संगणकाच्या वीजपुरवठ्यांमधून निघणारे बहुतेक टोरॉइड याच दुसऱ्या जातीचे असतात, आणि ते कमी वारंवारतेच्या गाळण-चोकसाठी चांगले असले तरी ७ मेगाहर्ट्झवर फार शक्ती खातात. त्यांची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र वाढवण्याची क्षमता) सहा क्रमांकाच्या कितीतरी पट असल्यामुळे तोच इंडक्टन्स थोड्या वेढ्यांत मिळतो. २७ मिलिमीटरच्या सहा क्रमांकी टोरॉइडवर ८.८ मायक्रोहेन्रीसाठी २७-२८ वेढे लागतात, सव्वीस क्रमांकीवर दहा. तुम्ही ज्याला बचत समजलात तो इशारा होता. टोरॉइड उलटून पाहा आणि दुसरी बाजू कोणत्या रंगाची आहे ते कळवा.

गच्चीवरचा_हॅम

दुसरी बाजू पांढरी आहे. गुंडाळताना मी ती पाहिली होती, पण रंग उडाला असावा असे वाटले.

आपल्या गणितावरून आणखी दोन शंका आल्या. पहिली: मला दूरची केंद्रे इतकी स्पष्ट ऐकू येतात, ते कसे? शक्ती कॉइलमध्ये मरत असेल तर येणारा संकेतही तेथेच मरायला हवा. दुसरी शंका पुस्तकी आहे. कमाल शक्तीच्या सिद्धांतानुसार भार आणि उगमाचा अंतर्गत रोध सारखे असताना निम्मी शक्ती उगमातच जळते. मग जुळणी केल्यामुळे संचातही निम्मे नुकसान होते, असे म्हणायचे का? ट्यूनरविषयी आलेली सूचनाही सोपी वाटते, त्यावर कोणी मत द्यावे.

फीडलाइन

ट्यूनरपासून सुरुवात करतो, कारण ती सूचना सद्भावनेने दिलेली असली तरी या अँटेनाच्या बाबतीत महागात पडेल.

१६ ओहम आणि ऋण ३७० ओहम हा भार नेटवर्क न लावता थेट ५० ओहमच्या केबलला जोडला, तर केबलच्या त्या टोकाला एसडब्ल्यूआर सुमारे १७४ येतो. वीस मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झवर, जुळणी पूर्ण असतानाही, अंदाजे ०.८ डेसिबल नुकसान होते. एसडब्ल्यूआर १७४ असताना शक्ती त्याच केबलमधून अनेकदा ये-जा करते आणि प्रत्येक फेरीत थोडी थोडी झिजते, त्यामुळे एकूण नुकसान १२ डेसिबलच्या वर जाते. वीसपैकी जेमतेम सव्वा वॅट अँटेनाच्या पायथ्याशी पोहोचेल आणि त्यातलाही एक हिस्साच आकाशात जाईल. गंमत अशी की परतणारी लाटही वाटेत झिजलेली असल्यामुळे संचाच्या टोकाला हाच एसडब्ल्यूआर १७४ ऐवजी १० च्या आसपास दिसतो. साधा ट्यूनर तो आनंदाने १:१ करून देतो. केबल जितकी लांब आणि वाईट, तितका संचाजवळचा आकडा देखणा! ज्यांची तार मुळातच ५० ओहमच्या जवळपास असते त्यांना संचाशेजारचा ट्यूनर पुरतो, हे मान्य आहे. परंतु बुटक्या अँटेनाची जुळणी त्याच्या पायथ्याशीच करावी लागते.

ऐकू येण्याविषयीची शंका योग्य आहे. प्रश्नकर्त्याच्या नेटवर्कमधून आणि गच्चीतून मिळून सुमारे ८ डेसिबल गमावले जातात, आणि ते येणाऱ्या संकेतातूनही गमावले जातात. फरक एवढाच की ७ मेगाहर्ट्झवर वातावरणातील कडकडाट आणि शहरातील विजेच्या उपकरणांचा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा पुष्कळ मोठा असतो. कॉइल संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच दाबते, त्यांचे परस्परप्रमाण बिघडत नाही, आणि आवाजाची कळ थोडी फिरवली की कानाला फरक जाणवत नाही. बोलताना मात्र समोरच्याकडचा गोंगाट आपल्या नुकसानाबरोबर कमी होत नाही.

अधिक वारंवारतेवर ही सवलत संपते. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. तेथे पहिले ॲम्प्लिफायर डिशच्या नाभीशीच, म्हणजे लहरी जेथे एकवटतात तेथेच, बसवलेले असतात, कारण आकाशातून येणारा गोंगाट इतका कमी असतो की केबलचे अर्धा डेसिबल नुकसानही संकेतावर थेट चढते. अशा ॲम्प्लिफायरच्या जुळणीचा निकषही बदलतो. ज्या उगम-इम्पीडन्सवर (उगमाचा रोध आणि रिॲक्टन्स मिळून) कमाल शक्ती मिळते आणि ज्यावर किमान गोंगाट मिळतो, ते दोन इम्पीडन्स सहसा वेगळे असतात, आणि तेथे दुसऱ्याला झुकते माप दिले जाते. म्हणून कोणी "जुळणी करा" म्हणाले की कशासाठी, हे आधी विचारावे.

आता पुस्तकी शंका. कमाल शक्तीचा सिद्धांत असे गृहीत धरतो की उगमाचा अंतर्गत रोध ठरलेला आहे, तो बदलता येत नाही आणि आपल्या हातात फक्त भार आहे. शास्त्रज्ञ याकोबी यांनी १८४० च्या सुमारास मांडलेल्या नियमाचा चुकीचा अर्थ काढून, मोटारीची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही असे पुढे बराच काळ मानले गेले. एडिसन यांनी आपल्या डायनॅमोचा अंतर्गत रोध मुद्दाम अगदी कमी ठेवून तो समज व्यवहारात मोडीत काढला. आपल्या संचाचा शेवटचा टप्पाही तसाच पाहावा. १२ व्होल्टवर एका ट्रान्झिस्टरकडून २० वॅट हवे असतील, तर व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्तीची दुप्पट, म्हणजे १४४ भागिले ४०, असा सुमारे ३.६ ओहमचा भार त्याला दिसावा लागतो. संचातील ट्रान्सफॉर्मर बाहेरचे ५० ओहम ट्रान्झिस्टरला ३.६ ओहम करून दाखवतो. ट्रान्झिस्टरच्या आत ५० ओहमचा रोध बसलेला नाही आणि तेथे निम्मी शक्ती जाळावी असे बंधनही नाही. संचावर ५० ओहम लिहिलेले असते ते मागणीपत्र आहे: इतका भार द्या, मी ठरलेली शक्ती देईन.

तरंगलांबी

फीडलाइन यांच्याशी पूर्ण सहमत. टोरॉइडच्या जागी काय वापरावे, ते लिहितो.

५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीवर सतरा-अठरा वेढे, साधारण ६५ मिलिमीटर लांबीत, पावणेदोन ते दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने, दोन वेढ्यांमध्ये जवळजवळ तारेएवढीच जागा सोडून गुंडाळावेत. इंडक्टन्स ८.८ मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल आणि शेवटचा अर्धा वेढा सरकवून नेमका करता येईल. अशा हवेच्या कॉइलचा क्यू २०० सहज गाठतो, म्हणजे तिचा रोध दोन ओहमच्या आसपास राहील. मग नेटवर्कला एकूण १८ ओहम दिसतील आणि जुळणी सुमारे ६०० पिकोफॅरडवर व्हायला हवी. तशी झाली नाही, तर कॉइल अजून खात आहे असे समजावे. माझ्या मते कपॅसिटरचा हा आकडा एसडब्ल्यूआरपेक्षा अधिक विश्वासाचा आहे.

कपॅसिटर सिल्व्हर मायकाचा किंवा सी-झिरो-जी जातीच्या सिरॅमिकचा घ्यावा. साध्या डिस्क कपॅसिटरचे मूल्य तापल्यावर सरकते. त्याच्यावर व्होल्टेज फार नसते, २० वॅटला ४५ व्होल्टचे शिखर. कॉइलच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट निराळी. अँटेनाच्या पायथ्याशी रिॲक्टन्स ३७० ओहम आहे आणि त्यातून एक अँपियरपेक्षा थोडा अधिक प्रवाह जाईल, म्हणजे २० वॅटलाही तेथे साडेपाचशे व्होल्टचे शिखर तयार होते. गच्चीवर मुले येत असतील, वाळत घातलेले कपडे नळीला लागत असतील, तर तो भाग झाकलेला असावा. नळी ज्यावर उभी आहे तो आधारही लाकडाचा असेल तर पावसाळ्यात तो ओला झाल्यावर सगळे गणित बिघडेल.

गच्चीवरचा_हॅम

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. कॉइल वर सांगितल्याप्रमाणे केली. जुळणी ५९० पिकोफॅरडच्या आसपास झाली आणि दहा मिनिटे सलग बोलल्यावरही तार फक्त कोमट राहते. पट्ट्याच्या टोकांना एसडब्ल्यूआर आता १.८ होतो, जसे सांगितले होते तसेच. बंगळूरच्या एका मित्राने जुनी आणि नवी कॉइल आलटून पालटून ऐकली आणि फरक स्पष्ट असल्याचे सांगितले.

यामुळे उत्साह येऊन काल गच्चीवर आणखी आठ तारा पसरल्या, एकूण बारा केल्या. त्यानंतर मात्र ७.१ वरचा एसडब्ल्यूआर १.०५ वरून १.३ झाला. तारा वाढवल्याने जुळणी बिघडली, तर त्या काढून टाकाव्यात का?

तरंगलांबी

अजिबात काढू नका. पायथ्याशी पुन्हा मोजा. १६ च्या जागी १२ ओहमच्या आसपास मूल्य दिसेल असा माझा अंदाज आहे. गच्चीत जाणारे चार ओहम कमी झाले. १८ ओहमसाठी जुळवलेल्या नेटवर्कला आता १४ ओहम दिसत आहेत, आणि १८ भागिले १४ म्हणजेच तुमचे १.३.

कपॅसिटर ७२० पिकोफॅरडपर्यंत वाढवा आणि कॉइलचे वेढे किंचित फाकवा, कारण आता तिच्याकडून सुमारे दीड ओहम रिॲक्टन्स कमी हवा आहे. पहिल्या टोरॉइडवर आकाशात ३.२ वॅट जात होते, आता त्याच २० वॅटमधून जवळपास ८ जातील, म्हणजे चार डेसिबलची वाढ. त्याची किंमत पट्ट्याच्या टोकांना द्यावी लागेल, कारण तेथे एसडब्ल्यूआर २ च्या थोडा वर जाईल. तुम्ही प्रामुख्याने कोणत्या भागात बोलता ते ठरवून जुळणीचा मध्य तेथे ठेवा.

गच्चीवरचा_हॅम

मोजले, १२.३ ओहम आले. कपॅसिटर ७०० पिकोफॅरडवर आहे आणि मध्य ७.०८ ला ठेवला आहे, कारण सकाळच्या गप्पा त्याच सुमारास होतात. लाकडी आधार काढून त्याजागी स्वयंपाकघरातला पॉलिथिनचा जाड पाट कापून बसवला आहे. घरी त्याबद्दल जे ऐकावे लागले, त्याची पातळी मात्र डेसिबलमध्ये मोजलेली नाही.